दारातला चेहरा

देवासच्या आमच्या चर्चमध्ये कलेला फार मान आहे, फक्त ती दिसता कामा नये. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे. आपण मूर्तिपूजक नाही, हे पाळकसाहेब दर रविवारी बजावतात.

मी शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालो. रांगोळीत चेहरे काढायचा नाद जुना. पुढारी हुबेहूब काढले, प्रभू येशू मात्र कधी साधला नाही. दर वेळी कॅलेंडरवरचा गोरा हिरोच व्हायचा.

यंदा झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेब म्हणाले, "दारात छोटीशी वेल काढा." वेल काढता काढता चेहरा झाला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे पहाटेच ठरवून बसलो होतो. आणि तो साधला. उन्हानं रापलेला, दमलेला, तरी आपल्याकडेच बघणारा. उंबऱ्याशी बसून मी चक्क रडलो.

मग खजुराच्या झावळ्या हलवत, होसान्ना गात मंडळींची मिरवणूक दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रभूच होते. आत जाणार कुठून?

"भिया, गजब बनाया है!" म्हणत पोरांनी मोबाइल काढले. खजिनदारांनी हात जोडले, मग आपण कोण ते आठवून खिशात घातले.

"ही नुसती पूड आहे, चला," पाळकसाहेब म्हणाले. चपलाही काढल्या, पण पाऊल काही उचललं नाही. मूर्तिपूजक नसलेली अख्खी मंडळी चित्राभोवती अदबीनं उभी होती. शेवटी मागच्या दारानं जायचं ठरलं. चेहरा वाचला म्हणून मी मनातल्या मनात हालेलुया म्हटलं.

धारहून माझी मावशी आली होती. तिचे गुडघे गेलेले.

"मागच्या पायऱ्या मला चढवत नाहीत," ती म्हणाली.

"मावशी, थोडं थांब. खुर्ची आणतो, उचलून नेऊ."

"मी काय कपाट आहे? अरे, त्यानं शिष्यांचे पाय धुतले. माझ्या पायांचं त्याला काय वावडं? धर हात."

तिला आधार द्यायचा तर आधी मलाच पुढे व्हावं लागणार होतं. पहिलं पाऊल माझं पडलं, ओठांवर. दुसरं मावशीचं. मग मात्र सगळ्यांची भीड चेपली आणि पाळकसाहेबांसकट मंडळी बिनधास्त आत आली.

पांढऱ्या फरशीवर वेदीपर्यंत रंगीत पावलं उमटली. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी ती पुसायला फडकं अर्थातच कलावंताच्या हाती दिलं.

घरी मावशी पलंगावर टेकली. तळव्यांना दाढीचा तपकिरी रंग तसाच होता. तिला वाकवत नाही. मी घमेल्यात कोमट पाणी आणलं, खाली बसलो आणि तिचे पाय धुतले.