दाराजवळचा गाळा

व्हर्लिन हॉस्टेटर सकाळी मॉलमध्ये आला की आधी लोर्ना टीगच्या गाळ्याकडे जाई आणि तिथं काय नाही ते बघे. काल ड्रॉवरांचं कपाट होतं तिथं आज फरशीवर चार पायांचे ठसे. म्हणजे गेलं. त्या ठशांकडे तो असा बघत राही, जणू कपाट त्याच्याच घरातून चोरीला गेलंय. मग तो स्वतःच्या गाळ्याकडे वळे. तिथं सगळं जागच्या जागी असे, धूळसुद्धा.

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या त्या गावातला बुटांचा कारखाना बंद पडला आणि त्या इमारतीत जुन्या वस्तूंचा मॉल आला. गाळा भाड्यानं घ्यायचा, माल मांडायचा, प्रत्येक वस्तूला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि घरी जायचं. पैसे दाराशी, सगळ्यांचे एकाच काउंटरवर. आठवड्यातून एक दिवस काउंटर सांभाळला की भाड्यात सूट. व्हर्लिनचा वार गुरुवार.

त्याचा गाळा पार मागे, स्वच्छतागृहाला लागून. तिथं येणारं गिऱ्हाईक घाईत येई आणि सुटल्याच्या समाधानात परत जाई. दोन्ही वेळा त्याच्या जुन्या सुतारी रंध्यांकडे कुणाचं लक्ष जात नसे. रंधे, करवती, कंदील, एकेक वस्तू त्यानं तेल लावून लखलखीत ठेवलेली. आणि लोर्ना? शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली बाई, गेल्या वसंतात आलेली. अक्रोडाच्या लाकडाला फिकट हिरवा रंग फासायची आणि कोपरे पॉलिशपेपरनं घासायची.

"शंभर वर्षांचं लाकूड," व्हर्लिन बायकोला सांगे, "ते म्हातारं दिसावं म्हणून ही घासते."

"दिसतं छान पण," नेल्डा म्हणे. ती अशा वेळी नेमकं खरं बोले.

त्यातच घड्याळवाला लेकीकडे राहायला जायचं म्हणाला आणि त्याचा दाराजवळचा, खिडकीतला गाळा रिकामा होणार हे ठरलं. मागणारे दोघंच. मालकीण डोरीननं सांगून टाकलं, "महिनाअखेर ज्याचा माल जास्त हलेल, त्याला." व्हर्लिनचे त्या महिन्यात चक्क बरेच कंदील गेले. वादळात गावाची वीज गेली होती, हा भाग वेगळा.

शेवटच्या गुरुवारी काउंटरवर एक शहरी जोडपं उभं राहिलं. त्यांना लोर्नाचं फडताळ हवं होतं, भोकाभोकांच्या पत्र्याच्या दारांचं, हिरवं.

"शंभर डॉलर कमी होतील का?" नवऱ्यानं विचारलं.

कुणी भाव पाडून मागितला की मालाच्या मालकाला फोन करायचा, ही तिथली रीत. लोर्ना आठ वर्षांच्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना 'राजा' म्हणे. ती म्हणणार, "घेऊन जा राजा." आणि फडताळ गेलं की गाळाही गेला. व्हर्लिननं फोन उचलला आणि आपल्या घरचा नंबर फिरवला.

"लोर्ना, मी व्हर्लिन. तुमच्या फडताळाला गिऱ्हाईक आहे. शंभर कमी म्हणतात."

"कोण लोर्ना?" नेल्डानं विचारलं.

"नाही? जरासुद्धा नाही?"

"व्हर्लिन, रक्तदाबाची गोळी घेतलीस का?"

"बरं. तुमची मर्जी." त्यानं फोन ठेवला आणि जमेल तेवढा पडेल चेहरा केला. "एक सेंट सोडायला तयार नाहीत हो."

नवरा दाराकडे निघाला. व्हर्लिनच्या मनात खिडकीतल्या उन्हात चमकणारे रंधे मांडून झाले. पण बायको हलेना.

"ऐकलंस?" ती नवऱ्याला म्हणाली. "माल खोटा असता तर बाई लगेच खाली आली असती. आपण घेऊ या."

पूर्ण किमतीची पावती व्हर्लिननं स्वतः फाडली. फडताळ गाडीत चढवायचं कामही काउंटरवाल्याचंच. पत्रा चेपू नये म्हणून त्यानं त्यावर स्वतःचं घोंगडं गुंडाळलं. जुन्या वस्तूला ओरखडा गेलेला त्याला बघवत नसे, मग ती शत्रूची का असेना.

दुसऱ्या दिवशी लोर्ना घरी भाजलेला ॲपल-पाय घेऊन हजर. "राजा, त्या फडताळाच्या मागच्या पायाला कीड लागलीय, चिठ्ठीवर लिहिलंय मी. उद्या निम्म्या किमतीला काढणार होते. तुम्ही पूर्ण किंमत कशी काढलीत?"

"ते अडून बसले," व्हर्लिन म्हणाला. "मग मीही बसलो."

ॲपल-पाय चांगला झाला होता. तेच मनाला जास्त लागलं.

घरी नेल्डा वेगळीच धुमसत होती. "त्या बाईला 'तुमची मर्जी'. माझी मर्जी लग्नात विचारली होतीस, ती शेवटची."

दाराजवळचा गाळा अर्थातच लोर्नाला मिळाला. तिची मधली जागा डोरीननं व्हर्लिनला देऊ केली, वर "लोर्नानंच तुमचं नाव सुचवलं" हेही सांगितलं. नाही म्हणायचं असं त्यानं रात्रभर ठरवलं आणि सकाळी होकार दिला.

मधल्या जागेत खरंच माणसं येत. पहिल्याच दिवशी व्हर्लिन हातात फडकं घेऊन उगाच रेंगाळत राहिला.

"त्या रंगवलेल्या सामानाच्या बाई कुठं गेल्या हो?"

तो दाराकडे बोट दाखवी. पुन्हा कुणी विचारलं की पुन्हा बोट. दुपारपर्यंत त्याचं बोट आपोआप उठायला लागलं.

मग एक तरुण बाई थांबली. तिनं त्याचा सगळ्यात जुना रंधा उचलला, उलटा-पालटा केला, चिठ्ठी वाचली. व्हर्लिनचं फडकं थांबलं.

"हिरवा रंगवून फुलदाणीशेजारी ठेवला तर काय छान दिसेल," ती म्हणाली.

व्हर्लिननं रंध्याकडे पाहिलं. त्याच्या दांड्याला कालच तेल लावलं होतं.

"पैसे काउंटरवर," तो म्हणाला. "आणि रंग कुठला घ्यायचा ते तिथंच शेजारच्या गाळ्यातल्या बाईंना विचारा. त्यांना कळतं त्यातलं."