तिसऱ्या रविवारची हरकत

आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये त्याची सूचना वाचतात. कोणाला हरकत असेल तर त्याने आत्ताच बोलावे, असं म्हणून पाद्रीसाहेब चष्म्यावरून सगळीकडे पाहतात, कोणीतरी खोकतं आणि गीत सुरू होतं. खरोखर हरकत घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो मीच, आणि नवरीचा सख्खा भाऊ.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. वडील वारल्यामुळे एकोणिसाव्या वर्षीच मी अमरावतीच्या आमच्या घराचा कर्ता झालो होतो. म्हणजे पाहुण्यांसमोर वडिलांचा कोट घालून बसत होतो. अकोल्याची मंडळी माझ्या थोरल्या बहिणीला, बाईला, पाहायला आली. मुलगा शाळामास्तर, त्याची आई मोठी करडी. बाई चहा आणायला आत गेली तसं मुलाच्या आईने मला विचारलं, "मधात वरीसभर पोरगी कुठं दिसली नाही म्हन्तेत. कुठं होती?"

बाई ते वर्ष मिशनच्या दवाखान्यात होती. क्षय. डॉक्टरीणबाईंनी बरी झाली म्हणून घरी पाठवली होती. पण तो शब्द ऐकून याआधी दोन स्थळं चहा न घेता उठली होती. मी म्हणालो, "मोर्शीले, आत्याकडे." वर आत्याच्या संत्र्यांच्या बागेचंही वर्णन केलं. आम्हाला आत्याच नव्हती.

दुसरी सूचना वाचून झाली आणि अकोल्याहून पत्र आलं: मोर्शीच्या आत्याबाईंना लग्नाला जरूर आणावे. पत्र बाईच्या हाती पडलं. ती भाकरी थापत होती.

"काहून बोलला असं?"

"तुहं लग्न व्हावं म्हनून."

"देवासमोर उभी राहून मी व्हय म्हनीन, अन् त्या व्हयखाली तुही मोर्शी असन. मले नाही जमत. तूच सांगतलं, तूच जाऊन खरं सांग."

"लग्न मोडन."

"मोडू दे." तव्यावरची भाकरी करपत होती, तिने ती उलटली नाही.

शनिवारी मी अकोल्याला गेलो. मावशीने, म्हणजे मुलाच्या आईने, पोटभर जेवू घातलं. तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा घास घातला. "आत्या येते ना?" तिने विचारलं. "पाहतो," मी म्हणालो.

रविवारी सकाळी तिथल्या चर्चमध्ये तिसरी सूचना वाचली गेली. आता गप्प बसलो तर बसलोच, हे मला कळत होतं. मी उभा राहिलो. मांडीवरचं गीतांचं पुस्तक खाली पडलं.

"साहेब, माझी बहीण मोर्शीला नव्हती."

पाद्रीसाहेबांना मोर्शीचं काहीच ठाऊक नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. क्षय म्हणताच पुढच्या बाकावर एकीने लेकरू जवळ ओढलं.

"ही हरकत समजायची का? होय की नाही, तेवढं सांग."

"हरकत माह्यावर आहे, साहेब."

त्यांनी वही मिटली. मास्तर बुटांकडे पाहत राहिला. बाहेर आल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "अमरावतीची गाडी कधी आहे?" ती माझ्याबरोबरच निघाली; बडनेऱ्याला गाडी बदलताना तिने पिशवीही माझ्या हाती दिली नाही.

घरात येऊन ती बाईसमोर बसली. "याले चर्चात उभं राहाले तू सांगतलं?"

"घरी सांग म्हनलं होतं. तो तसाच आहे."

"आता खोकला येते?"

"थंडीत येते."

"दम?"

"पानी भरलं का लागते."

मी दाराआडून हात जोडत होतो. एवढं खरं कोणी मागितलं होतं? मावशीने बाईची मनगटं चाचपून पाहिली.

"हिवाळा जाऊ दे," ती शेवटी म्हणाली. "दर महिन्याले मी येईन. तू सांगशील. हा नाही."

ती दर महिन्याला आली. डिसेंबरात खोकला वाढला, तेव्हा बाईने तेही सांगितलं. त्या दिवशी मावशी चहा न घेता परतली आणि आम्हाला वाटलं, संपलं. पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली.

लग्न उन्हाळ्यात झालं. अकोल्याच्या चर्चमध्ये सूचना पहिल्यापासून पुन्हा तीन रविवार वाचली गेली. तिन्ही रविवार मी अमरावतीतच राहिलो. मावशीचा तसा निरोप होता.