अक्काचा हिरवा डबा

अक्का मिसरी लावत असेल तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही, हा भडगावच्या घराचा नियम होता. ओट्यावर बसून, तर्जनीनं दात घासत ती अर्धा तास गल्लीकडे बघत बसायची. त्यासाठी तंबाखू ती स्वतः तव्यावर भाजायची आणि आम्ही सगळे खोकत बाहेर पळायचो. नात्यानं ती माझी आत्या, पण लहानथोर सगळे तिला अक्काच म्हणायचे.

माझं जळगावला औषधांचं दुकान. ग्रीन टीचा पहिला डबा मीच तिला नेऊन दिला. गिऱ्हाइकांपुढे रोज जे बोलायचो तेच बोललो, "यानं प्रतिकारशक्ती वाढते, कॅन्सर जवळ येत नाही." तेव्हाच माझी जीभ झडली कशी नाही!

अक्का तो चहा पातेल्यात खळखळ उकळायची, वर गूळ टाकायची. दूध तेवढं घालत नसे, कारण मी नको म्हटलं होतं. कडू जहर लागायचं, तरी डोळे मिटून प्यायची. आणि प्याली की पुन्हा मिसरी. पूर्वी फक्त सकाळी लावायची, आता दुपारीही लावू लागली. मी ओरडलो की म्हणायची, "माले काय व्हई? तुना चहा पेस ना मी."

डोकं आपटून घ्यावंसं वाटायचं. प्रयोगशाळेत काही दिसलं म्हणून माणसाचा कॅन्सर टळतोच असं कोणी छातीठोक सांगत नाही, चहानं मिसरी धुतली जात नाही, सगळं सांगून झालं. ती शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, "पहिले तूच सांगेल व्हतं."

दिवाळीत तिनं शेवभाजीचं ताट बाजूला सारलं. ठेचा नुसता खाणारी बाई, म्हणे तिखट झोंबतं. बॅटरी लावून पाहिलं तर गालाच्या आत पांढरा चट्टा. धुळ्याला डॉक्टरकडे चल म्हणून हातापाया पडलो. "दोन डबा आखो पेस, मंग देखू," म्हणाली, म्हणजे आणखी दोन डबे संपेपर्यंत थांबायचं. कापूस वेचून झाला, लग्नसराई उलटली, तोंड उघडेना झालं, तेव्हा कुठे आली.

"इतके दिवस काय केलंत?" डॉक्टर माझ्यावरच चिडले. अक्का कशीबशी बोलली, "यानी चूक नही, डॉक्टरसाहेब. मनाच चहा कमी पडना."

अजून ते आठवलं की मला तिचाही राग येतो आणि माझाही.

ती गेल्यावर दहाव्याच्या दिवशी शेजारच्या सखूकाकू फडताळापाशी उभ्या होत्या. हातात तोच डबा, बोट मिसरीनं काळं. "हाऊ मी लई जाऊ का, भाऊ? मनीबी मिसरी सुटत नही."

मी डबा काढून घेतला. "काकू, आधी तोंड उघडून दाखवा."

त्या तोंडाला पदर लावून तणतणत निघाल्या. डबा हातात तसाच धरून मी त्यांच्या मागे गेलो.