दोन ओळींची दंडार

किन्हीराजाजवळच्या आंध आदिवासींच्या वस्तीत दंडार, म्हणजे गाण्यावरचा पारंपरिक नाच, खेळणारी जुनी माणसं सरली होती. तिथली रेणुका आश्रमशाळेत नववीला होती. संमेलनात ‘आदिवासी नृत्य’ ठरलं नि बाईंनी तिच्यापुढे पानांचा घागरा टाकला.

“हे कोन नेसते, बाई?”

“तुमचेच लोक.”

“माही आजी लुगडं नेसते. हे दाखवलं तं मलेच मारन थे.”

मुली हसल्या. बाई म्हणाल्या, “मग नाचू नकोस.”

संमेलनात रेणुका आजीचं लुगडं नेसून न बोलावता रंगमंचावर चढली. दंडारीच्या दोनच ओळी तिला येत होत्या. बाईंनी माईक बंद करायला लावला, तरी ती त्याच दोन ओळी गात नाचत राहिली. शेवटी पालकांतल्या, दुसऱ्या वस्तीवरून आलेल्या एका म्हाताऱ्यानं उभं राहून तिसरी ओळ उचलली.