मॅग्नेटच्या बाजूचं सील

आनंदराजनं वडिलांची जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल जळकोटला मुज्तबाच्या गॅरेजात आणली. "चाचा, गाडी वढंना झालीय. चढाला दम सोडती. गरम झाली की लईच."

मुज्तबानं प्लग काढला. टोक पांढरट. इंजिनात हवा जास्त अन् पेट्रोल कमी जात असल्याची ती खूण. त्याला वाटलं, कार्बोरेटरात कचरा असेल. तो साफ केला. मग सायलेन्सर उघडला, तर आतली नळी काजळीनं बुजलेली. जाळून, ठोकून मोकळी केली. चढावर फिरवली, तर गाडी उसळ्या मारत निघाली. दुखणं सापडलं म्हणून त्यानं पाने गोळा केले. आनंदराज खुशीत गेला.

थोड्याच दिवसांनी उदगीरहून येताना गाडीचं इंजिन भर वेगात जाम झालं. मागचं चाक जागीच अडकलं. आनंदराज पुलाच्या कठड्यावर आदळला आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला.

गावात कुजबुज सुरू झाली, की तो पिऊन होता. पोलिसांनी गाडी सोडल्यावर त्याची आई सुमनबाई ती टेम्पोत घालून मुज्तबाकडे घेऊन आली.

"माझ्या लेकानं कधी थेंब घेतला न्हाई. खोल, आन् काय झालं ते मला सांग."

ती तिथंच स्टुलावर बसून राहिली. मुज्तबानं सिलिंडर उतरवला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. मग ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटचं झाकण काढलं, तर मागचं रबरी सील फाटलेलं. तिथून इंजिन बाहेरची हवा ओढत होतं आणि आतून करपत होतं, म्हणूनच ते जाम झालं. प्लग पांढरा पडला होता तो यामुळं. जुनी गाडी होती, झाली जाम, एवढंच सांगितलं असतं तरी बाईला काय कळणार होतं?

"मावशी, त्याची चूक न्हाई," तो म्हणाला. "हे सील म्या बघायला पायजे होतं. प्लगावरून समजायला पायजे होतं. गाडी वढायली म्हणून म्या फुडं बघितलंच न्हाई."

सुमनबाईनं ते फाटकं सील हातात घेतलं.

"ठाण्यात सांगशील?"

"हाव."

त्यानं जबाब दिला. पिण्याची गोष्ट गावात हळूहळू बंद झाली. गिऱ्हाईकही तुटलं. सुमनबाई त्याच्याशी पुन्हा बोलली नाही, त्यानंही माफी मागायची हिंमत केली नाही. आता तो पंक्चर काढतो. कुणी टू-स्ट्रोक आणलीच, तर हातही न लावता म्हणतो, "नांदेडला न्या."