पेन्सिलीतल्या तारखा

नागपुरात आणि आसपासच्या चार तालुक्यांत कोणाचं लग्न कधी लागणार, हे मुलीच्या मामाआधी माझ्या साडूंना कळतं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती ठरेल. पण फार मोठी नाही. लग्नाच्या लॉनच्या तारखा सांभाळणारं एक सॉफ्टवेअर त्यांनी चौदा वर्षांपूर्वी लिहिलं. लॉनवाल्यांनी वर्षाची वर्गणी भरायची आणि साडूंनी ते चालू ठेवायचं, असा व्यवहार. प्रतापनगरात दोन खोल्यांचं ऑफिस, फोन घ्यायला दोन मुली आणि चाळीसेक लॉन. याहून मोठं व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. ग्राहकाचा फोन दुसऱ्या घंटीच्या आत उचलायचा, हे त्यांचं सगळं व्यवसायशास्त्र. स्वतःच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना मौद्याच्या एका मॅनेजरचा फोन आला, तेव्हा भटजींकडे पाठ करून ते म्हणाले, "मंगलाष्टकं चालू हायेत, दोन कडव्यांत सांग काय अडलं थे." तिसऱ्या कडव्याला मौद्याचा प्रिंटर सुरू झाला. माझी मेहुणी त्यानंतर आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. हे साडूंच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्यांच्या लग्नात ते जेवत नाहीत. आहेराचं पाकीट बायकोच्या हाती देतात आणि लॉनच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन बसतात. आइस्क्रीम संपायच्या वेळी त्यांना तिथून शोधून आणावं लागतं. सॉफ्टवेअरमधलं कुठलंही बटण ते काढत नाहीत, कारण प्रत्येक बटणामागे एक प्रसंग आहे आणि तो पूर्ण सांगितल्याशिवाय ते उठू देत नाहीत. सर्वांत विचित्र सवय म्हणजे सकाळी वर्तमानपत्र आलं की ते आधी निधनवार्ता वाचतात, हातात पेन्सिल घेऊन. मी तेव्हा एका वर्तमानपत्रात तेच पान पाहत असे. संध्याकाळी आठला त्यांचा फोन ठरलेला. "भाऊ, उद्याचे कोण कोण हायेत?" पहिले काही महिने मला ते अभद्र वाटलं. मग कारण कळलं.

इसार न देता राखून ठेवलेल्या तारखेला लॉनवाले आजही 'पेन्सिलीतली' म्हणतात, कारण पूर्वी रजिस्टरमध्ये ती पेन्सिलीने लिहीत. सात दिवसांत इसार आला नाही, की खोडून पुढच्याला द्यायची. साडूंच्या सॉफ्टवेअरने हे खोडणं आपोआप केलं आणि त्याचंच सगळ्यांना कौतुक होतं. एके दिवशी ते एका लॉनवर दुरुस्तीला गेले असताना खिडकीशी एक माणूस आला. डोकं नुकतंच भादरलेलं, हातात इसाराची रक्कम. वडील गेले होते. तेरवी होईपर्यंत घरात कोणी लग्नाचं नाव काढलं नव्हतं. तेवढ्यात मुलीची तारीख दुसऱ्याकडे गेली होती. "तो भांडला असता तं बरं झालं असतं," साडू सांगतात. "त्यानं फक्त 'बरं' म्हटलं आन् चालला गेला." त्या आठवड्यात त्यांनी 'थांबा' नावाचं बटण जोडलं. ते दाबलं की तारीख पेन्सिलीतच राहते. पण ते दाबायचं कधी, हे सॉफ्टवेअरला कुठून कळणार? म्हणून निधनवार्ता. पेन्सिलीतल्या एखाद्या तारखेशी आडनाव आणि गाव जुळलं, की साडू त्या लॉनला फोन करत. वर्गणीच्या पावतीवर या सेवेचा उल्लेख कधीच नव्हता.

गेल्या दोन वर्षांत ग्राहक गळू लागले. भांडण कुणाचंच नव्हतं. एका मॅनेजरने कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत बोलून बोलून एका दुपारी स्वतःपुरतं सॉफ्टवेअर बनवून घेतलं आणि साडूंनाच आनंदाने दाखवलं. साडूंनी घरी येऊन तोच प्रयोग केला. चौदा वर्षांचं काम संध्याकाळच्या चहापर्यंत समोर उभं राहिलं. "माह्यापेक्षा साफ लिहिते गा थे," ते म्हणाले. त्या यंत्राचेही महिन्याचे पैसे भरावे लागतात, असं मी सांगून पाहिलं. "मंग? वर्गणी बंद नाई झाली भाऊ. पावती दुसऱ्याच्या नावानं फाटून राहिली."

ऑक्टोबरपर्यंत निम्मे लॉन उरले. त्यांतले सहा भाऊसाहेब नावाच्या एकट्या मालकाचे, उमरेड रोडवर. वडिलोपार्जित धानाच्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांवर, आता हिरवळ आणि कमानी आहेत. भाऊसाहेबांच्या सुनेने नवं सॉफ्टवेअर तयार केलं होतं आणि वर्गणीच्या नूतनीकरणाआधी साडूंना बघायला बोलावलं होतं. हे सहा गेले, तर प्रतापनगरचं ऑफिस बंद आणि त्या दोन मुलींना घरी पाठवायचं, हे साडूंनी मला स्कूटरवर मागे बसून सांगितलं. वर्धमाननगरच्या सिग्नलला बेतही सांगितला. "आपण बोलाचंच नाई. नवीन हाये थे, एखादी चूक करनच. एक तारीख गेली का भाऊसाहेब सोता फोन करतीन. फक्त गप्प बसाचं."

गप्प बसणं ही त्यांना न जमणारी गोष्ट आहे, पण पहिली वीस मिनिटं जमली. सुनेने मोठ्या पडद्यावर एकेक भाग दाखवला. मोकळ्या तारखा विचारल्या की सांगत होतं, ग्राहकाला मराठीत किंवा हिंदीत निरोप धाडत होतं, स्वयंपाक्यांचं वेळापत्रक लावत होतं. साडू मांडीवर हात दाबून बसले होते. भाऊसाहेब म्हणाले, "तुमी घरचे हा, म्हणून सरळ इचारतो. आता तुमाले काहून पैसे द्याचे, सांगा." साडू पडद्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथे चार नावं होती. वर लिहिलं होतं: आज बारा वाजता मोकळ्या होणाऱ्या तारखा. तिसरं नाव लांजेवार, कुही. घड्याळात अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं झाली होती.

मंगळवारच्या अंकातलं ते नाव मीही वाचलं होतं. साडूंना हवी होती ती चूक समोर होती. बारा मिनिटं काही न करता बसायचं, एवढंच काम होतं. सून पुढे बोलत होती. साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अकरा बावन्नला पाणी मागितलं आणि प्यायले नाहीत. अकरा पंचावन्नला माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. सत्तावन्नला ते उठले.

"ताई, थे तिसरं नाव थांबवा."

"क्यों काका? सात दिन हो गए. तीन मेसेज गेले, एकाचंही उत्तर नाही."

"घरी सुतक हाये. पोरीची आजी गेली. तेरवीपर्यंत कोणी बोलन नाई. थांबवा आधी, मंग सांगतो."

तिने त्या नावाची मुदत हातानेच एक दिवस वाढवली. एक मिनिट उरलं होतं. मग साडूंनी खिशातून कात्रण काढून टेबलावर ठेवलं. पेन्सिलीची खूण होतीच. सुनेने ते दोनदा वाचलं आणि यंत्राला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. चार मिनिटांत पडद्यावर 'थांबा' बटण आलं. त्यासोबत यंत्राने एक प्रश्नही विचारला होता: तेरा दिवस मोजायचे, की कुटुंबाकडून कळेपर्यंत थांबायचं? साडूंनी पडद्याजवळ जाऊन तो प्रश्न बोट ठेवून वाचला. "कळेपर्यंत," ते म्हणाले. "हे मले सुचाले दोन वर्षं लागले होते." आणि खुर्ची ओढून ते तिच्या शेजारी बसले. दीड वाजेपर्यंत चौदा वर्षांतला प्रत्येक प्रसंग त्यांनी तिला सांगितला. ती एकेक टिपून घेत होती. भाऊसाहेब मला हळूच म्हणाले, "माणूस येडा हाये का गा हा?"

वर्गणी अर्थातच भरली गेली नाही. डिसेंबरात प्रतापनगरच्या खोल्या सोडल्या. एका मुलीला भाऊसाहेबांच्या सुनेने कामावर घेतलं, दुसरी अजून शोधते आहे आणि साडू रोज तिच्यासाठी कुणाला ना कुणाला फोन करतात. निधनवार्ता ते अजून वाचतात. उमरेड रोडला कळवायला फोन केला, की दहांतल्या आठ वेळा सून सांगते, "काका, लावलाय थांबा. आता पेपर तेच वाचतं." ते "शाब्बास" म्हणतात आणि फोन ठेवून थोडा वेळ पेन्सिलीला टोक काढत बसतात. उरलेल्या दोन वेळांसाठी, असं त्यांचं म्हणणं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. लांजेवारांची तारीख होती. आम्हाला आमंत्रण नव्हतं, म्हणून फाटकाबाहेर, रसवंतीच्या बाजूला उभे राहिलो. कमानीखाली मुलीचा बाप पाहुण्यांना हात जोडत होता. डोक्यावर केस जेमतेम बोटभर वाढले होते. त्यावर फेटा नीट बसत नव्हता आणि तो हसत हसत पुन्हा पुन्हा सावरत होता. साडूंनी घड्याळ पाहिलं.

"आत जायचं का?" मी विचारलं.

"नाई. आपलं काय काम हाये तिथं?" ते म्हणाले. पण मंगलाष्टकं संपून अक्षता पडेपर्यंत ते हलले नाहीत, आणि त्या वेळात खिशातला फोन वाजला नाही.