मांजरीला फुटबॉल पाहायला जाणाऱ्यांसाठी

भाची मुग्धा खराडीत संगणकासमोर बसते आणि कंपनीतून सुटली की गोल अडवते. वर्षभर तिने पेनल्टी अडवण्याचाच सराव केला. तिचा संघ महिलांच्या राष्ट्रीय चषकात उतरला. बाद पद्धत, म्हणजे हरलात की घरी. सामना मांजरी गावात होता, म्हणून रविवारी मी पेठेची सीमा ओलांडली.

जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. हडपसरपर्यंत बस आहे, बसायला मिळेलच असं नाही. पुढे सहा आसनी रिक्षा. तीत अकरा जण बसतात, बारावा उसाकडे तोंड करून लटकतो. बारावा मी होतो. मैदानाबाहेरची भेळ उत्तम. प्रवेश विनामूल्य; सावली मात्र फक्त मंचावर.

सामना चारचा, मैदानात दिवे नाहीत. चारला संघ रांगेत उभे राहिले आणि सत्कार सुरू झाले. मणिपूरहून रेल्वेने आलेल्या मुली हातातला नारळ कुठे ठेवायचा या विवंचनेत. प्रमुख पाहुणे सोलापूर रस्त्यावर अडकलेले. तेवढ्यात आयोजक तात्यांची नजर माझ्या झब्ब्यावर पडली.

"गुरुजी, वर या. पाव्हणं येईस्तोवर दोन शब्द बोला."

"अहो, मी नुसता गोलकीपरचा मामा."

"मग तर घरचंच हाय की!"

संस्कृत शिकलेल्या माणसाला दोन शब्द बोला म्हटलं की तो दोन समास बोलतो, आणि मग विग्रह करत बसतो. मी पंचवीस मिनिटं बोललो. मग पाहुणे आले आणि उसाच्या साखर उताऱ्यावर बोलले.

पाच वाजून गेल्यावर खेळ सुरू झाला. मुग्धाने तीन हमखास गोल अडवले. नव्वद मिनिटं संपली, शून्य-शून्य. आता पेनल्टी! पण पंचांनी चेंडू टाकला आणि तो कुठे गेला हे त्यांनाच कळेना.

"अंधार झाला. नियमाप्रमाणे नाणेफेक."

"सर, दहा मिनिटं! मला दिसतंय ना," मुग्धा म्हणाली.

"मला नाही दिसत."

पडलेलं नाणं शोधायला बॅटरी आणावी लागली. मणिपूर जिंकलं.

परतीच्या रिक्षेत मुग्धाने हातमोजे काढलेच नाहीत. घरी ताईने दोघांना वाढलं. वरणभात कालवताना मुग्धा म्हणाली, "मामा, सगळ्यांत तुझंच भाषण छान झालं. मी वॉर्म-अप सोडून ऐकत होते."

मला शेकडो सुभाषितं पाठ आहेत. त्या ताटावर दोन आकडेच आठवले: माझी पंचवीस मिनिटं आणि तिची दहा.